सासूबाई कडेकडून, मी मधून

परवा फोनवर तुम्ही दोघं नातवंडं एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे मला अर्धंच कळलं. पण तेवढं पुरे होतं. थोरलीला तिच्या पलंगासाठी गोधडी हवी आहे, "चौकोनांची, पण कंटाळवाणी नको". धाकट्याला मासे असलेली हवी आहे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. कुठलीही गोधडी सुरू करायच्या आधी मी ह्या ट्रंकेतली जुनी मासिकं चाळते. ही सवय आता मोडायची नाही.

मासिकं इंग्रजी आहेत, अमेरिकेतली, आणि सगळी फक्त गोधड्यांबद्दलची. तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात हे तुम्हांला सांगायला नको. पानं पिवळी पडली आहेत, पिनांना गंज चढला आहे, पण अंक मी वर्षवार लावून, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवले आहेत. माशांची गोधडी मला एका अंकात सापडलीसुद्धा. मग थोरलीसाठी चौकोन शोधायला दुसरा अंक उघडला, तर एका पानावर बोटाएवढा तेलाचा डाग. तिथेच मी थांबले आणि सगळी दुपार तिथेच गेली. तो डाग तुमच्या पणजीच्या बोटाचा आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. म्हणून आधी त्यांची गोधडी सांगते, मग तुमच्या करायला घेते.

ही मासिकं मी विकत घेतलेली नाहीत. मी फोर्टमध्ये एका कंपनीत स्टेनोग्राफर होते. तिथल्या परदेशी साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बाईंनी घरातलं सामान ऑफिसातल्या लोकांना वाटून टाकलं. कोणी टोस्टर नेला, कोणी पडदे नेले. एकाने तर कुत्र्याची टोपली नेली, घरी कुत्रा नसताना. माझी पाळी आली तेव्हा सुतळीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा तेवढा उरला होता. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "बाई, रद्दीवाल्याकडे जाताना मलाही हाक मारा, माझेही पेपर साठलेत." मी हसले आणि गठ्ठा घरी आणला. इंग्रजी जे मिळेल ते मी वाचत असे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि शिकलेलं विसरून जाईन की काय, ही भीती मला बरीच वर्षं होती.

परळच्या आमच्या एका खोलीत गोधडी पसरायला जागाच नव्हती. त्यामुळे मी ती मासिकं नुसती वाचायची. कापड किती, पट्टीची रुंदी किती, शिवण कुठून घ्यायची, सगळं पाठ, आणि हातात सुई नाही. तुमचे आजोबा विचारायचे, "वाचून ऊब येते का गं?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्ही मीरा रोडला घर घेतलं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बिल्डिंगच्या मागे तेव्हा काहीच नव्हतं. पार खाडीपर्यंत मिठागरं आणि मिठाचे पांढरे ढीग. पाणी टँकरने यायचं. टँकर दिसला की सगळ्या मजल्यांवरून "आया, आया!" असा एकच ओरडा व्हायचा आणि त्या ओरड्यात कोण मराठी, कोण गुजराती हे काही उरायचं नाही. पण जागा होती. मी मनाशी ठरवलं, निवृत्त झाल्यावर एक तरी गोधडी शिवायची. माझी कामं अशी आधीच ठरलेली असतात.

ही गोधडी मात्र निवृत्तीच्या पुष्कळ आधी शिवावी लागली.

सासरे गेल्यावर सासूबाई कोकणात गावच्या घरी एकट्या राहत होत्या. घर लहानसं, वाडीच्या टोकाला. शेजारचं घर ओढ्यापलीकडे. एकदा त्या परसात शेवाळावरून घसरल्या आणि कोणीतरी ओढा ओलांडून येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब. तुमचे आजोबा जाऊन त्यांना घेऊन आले. त्या आल्या, पण राहायला म्हणून आल्या नाहीत. आपलं गाठोडं त्यांनी दाराजवळ ठेवलं ते तिथेच राहिलं. मी कपाटात एक खण रिकामा करून दिला होता, तो रिकामाच. लागेल ते लुगडं गाठोड्यातून ओढून काढायचं आणि पुन्हा गाठ मारून ठेवायची.

सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की त्या मुलाला विचारायच्या, "कधी नेऊन सोडतोस मला?"

"आई, तुझा पाय बरा होऊ दे."

"पाय बरा हाय."

"मग गाड्यांची गर्दी कमी होऊ दे."

"मला एकटीला कितीशी जागा लागते?"

आम्हांला त्या परत जायला नको होत्या. तिथे पुन्हा पडल्या तर त्या वेळी कोण येणार होतं? पण माणसाला कुलूप लावून ठेवता येत नाही. शिवाय त्यांना इथे करमत नव्हतं, हे दिसत होतं. आम्ही दोघं सकाळीच नोकरीला जायचो. तुमची आई दहावीत होती, शाळा झाली की क्लास. सासूबाई दिवसभर बंद दाराशी. त्या म्हणायच्या, "गावाला दार लावलं तर लोक विचारायला येतात, कोण आजारी हाय काय. हितं उघडं ठेवलं तर विचारायला येतात." ते खरंच होतं. एकदा त्या दार उघडून उंबऱ्यात बसल्या, तर समोरच्या भाभी धावत आल्या, "क्या हुआ माजी, चाबी भूल गये?"

थंडी पडली तशी त्यांची झोप उडाली. तेव्हा मधे इमारती नव्हत्या, मिठागरांवरून वारा सरळ खिडकीत यायचा. मी नवं ब्लँकेट आणलं. ते त्यांनी दोन दिवसांत घडी करून माझ्या हातात दिलं. "हे टोचतं. आणि अंगावर राहत नाय, पळून जातं." त्याला वजन नव्हतं, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांना वाकळ हवी होती. आमच्या गावाकडे गोधडीला वाकळ म्हणतात: जुन्या लुगड्यांचे थरावर थर आणि त्यांच्यातून आरपार घातलेले टाके, पांघरली की अंगावर कोणीतरी हात ठेवल्यासारखी जड. त्यांची गावची वाकळ उंदरांनी कुरतडली होती.

"मला एक वाकळ करून दे गो," त्या एका सकाळी म्हणाल्या. "ती घेऊन मी जाते. मग काय मागणार नाय."

मी "करू" म्हटलं. तुमचे आजोबा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले.

"कर. पण सावकाश कर."

"म्हणजे किती सावकाश?"

"तुला जमेल तितकं."

मला सावकाश जमत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. अर्धवट काम घरात दिसलं की मला घास गिळत नाही. म्हणजे गोधडी लवकर झाली की सासूबाई लवकर जाणार, आणि शिवायला बसणार मी. असं ते होतं.

रविवारी मी ट्रंक ओढून मासिकं जमिनीवर मांडली. सासूबाई डोक्याला तेल लावून नुकत्याच बसल्या होत्या. त्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा कानांवर चढवला आणि पहिल्या मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"ही बाय हसते कशाला? हातात सुई असताना कोण हसतं?"

"फोटोसाठी हसतेय, आई."

"टोचेल एक दिवस."

मी पान उलटलं. बारीक बारीक त्रिकोणांची गोधडी होती.

"हे सगळं कापून परत जोडलेलं?"

"हो."

"आधी अख्खं होतं?"

"अख्खंच. दुकानातून नवं कापड आणतात, कापतात आणि मग जोडतात."

"ह्यांच्या घरी दुसरं काम नाय?"

तुमची आई आतल्या खोलीत भूगोल पाठ करत होती. ती वही टाकून आमच्यात येऊन बसली. "आजी, हे बघ, ह्याच्यावर विमानं आहेत."

"विमान पांघरून झोपू? आणि उडालं तर?"

मग ते पान आलं, डाग आहे ते. मधे एक लाल चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्या, एकीला एक लागून, बाहेर बाहेर वाढत गेलेल्या. दोन बाजूंच्या पट्ट्या फिक्या, दोन बाजूंच्या गडद. मी खालचा मजकूर वाचून मराठीत सांगितला. हे लाकडाचं घर आहे, पट्ट्या म्हणजे भिंतीचे ओंडके आणि मधला लाल चौकोन म्हणजे चूल.

"चूल?"

"चूल. पेटलेली."

त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि लाल चौकोनावर बोट टेकवलं. "हे बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मग माणसं कुठं बसतात?"

असं काही मासिकात लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "उजेडाच्या बाजूला बसत असतील."

"म्हणजे धूर हिकडं जातो." त्यांनी गडद पट्ट्यांवरून हात फिरवला. डिझाइन ठरलं.

मग त्यांनी उठून गाठोडं आणलं आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्याची गाठ पूर्ण सोडली. एक हिरवं लुगडं, लावणीच्या चिखलाचे डाग कधीच न गेलेलं. एक आमसुली, एक जांभळं, दोन पोपटी. पौर्णिमेला विहारात जायला ठेवलेली पांढरी दोन, त्यांतलं एक विरलेलं. गडद आणि फिके असे ढीग त्यांनीच लावले. लाल काही निघेना. तुमच्या आईचा शाळेतल्या गॅदरिंगचा एक लाल फ्रॉक होता. ती आधी "तो नाही हं" म्हणाली आणि थोड्या वेळाने स्वतःच आणून दिला.

मी कात्री आणि टेप घेऊन पट्ट्या आखायला बसले. सासूबाईंनी दुसरं लुगडं घेतलं, दाताने काठाला जरासं तोडलं आणि सर्रकन फाडलं. पट्टी सरळ निघाली. मी मासिकाचं पुढचं पान उलटलं, तर तिथेही तेच: सुती कापड फाडावं, म्हणजे धाग्यात येतं. मी तसं त्यांना सांगितलं.

"त्या हसणाऱ्या बायला पण माहीत हाय?" त्या खूष झाल्या.

पट्ट्या जोडायचं काम माझ्या शिलाई मशीनवर चार-पाच रविवार चाललं. लाल चौकोनापासून सुरू करून एकेक फेरी वाढवत अख्ख्या पलंगाएवढं एकच मोठं घर केलं. थरांसाठी जाड दोरा हवा होता, तो स्टेशनजवळच्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, "आंटी, ये धागा तो गद्दीवाले लेते हैं." मी म्हटलं, "वही चाहिए."

ह्याच दिवसांत सासूबाईंना एक मैत्रीण मिळाली. आमच्या तळमजल्यावर एक आजी राहत. माहेर त्यांचं जवळच्याच राई गावचं, आणि सासरची भातशेती ह्याच जागेवर होती. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात खालचे फ्लॅट दिले. मशीनचा आवाज ऐकून त्या एकदा वर आल्या, गोधडी पाहिली, मग स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "तुमच्या ह्या किचनखाली माजा बांध व्हता."

"कसला बांध?" सासूबाईंनी विचारलं.

"खाडीचा खारा पानी भातात येऊ नये म्हनून घालायचो त्यो. उधानाला फुटायचा. मंग सगली रात चिखलात."

"आणि आता?"

"आता टँकर येतो." दोघी हसल्या.

त्या दिवसापासून आम्ही कामावर गेलो की त्या वर यायच्या. मला हे तुमच्या आईकडून कळायचं. दोघी भाताबद्दल बोलायच्या. कुठलं भात खाऱ्या जमिनीत टिकतं, कुठल्याची पेज गोड लागते, लावणीला गाणी कोण सुरू करायचं. सासूबाई सकाळचा प्रश्न विचारायच्या, पण चहाआधी नाही, चहानंतर. मग कधी कधी विसरायच्या. तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही. मी टाक्यांच्या मागे होते.

थर लावायला आम्ही गच्चीवर गेलो, कारण खोलीत पलंग हलवूनही तेवढी जागा होत नव्हती. खाली अस्तर, मधे जुन्या लुगड्यांचे थर, वर ते घर. वाऱ्याने उडू नये म्हणून शेजारच्या बांधकामावरून विटा आणून चार कोपऱ्यांवर ठेवल्या. मी कच्चे टाके घालून घेतले. आता उरलं ते खरं काम, सगळ्या थरांतून आरपार जाणारा धावदोरा.

इथून पुढे जे झालं ते नीट समजून घ्या. मासिकात स्पष्ट लिहिलेलं होतं: टाके मधून सुरू करा आणि बाहेर बाहेर जा, म्हणजे कापडाचा सैलपणा कडेला निघून जातो. कडा गुंडाळून ठेवा, म्हणजे मांडीवर ओझं होत नाही. मी तसंच केलं. संध्याकाळी ऑफिसातून आले, भाजी फोडणीला टाकली, की कडा गुंडाळलेली गोधडी मांडीवर घ्यायची आणि लाल चौकोनाभोवती एकेक फेरी घालायची. दुपारी सासूबाई घालायच्या. त्या आयुष्यभर कडेकडून सुरू करत आल्या होत्या. चारी काठ आधी पक्के करायचे आणि मग आत आत जायचं, म्हणजे सैलपणा आत सरकत सरकत शेवटी मधे येतो आणि तिथे शेवटच्या टाक्यांत मुरतो. त्या कडेला बसायच्या तेव्हा मधला भाग गोळा होऊन बाजूला पडलेला असायचा.

त्यांच्या कडेच्या फेऱ्या मला दिसल्या. मला वाटलं, काठ सुटू नये म्हणून घातल्या असतील. माझ्या मधल्या फेऱ्या त्यांनी पाहिल्या. त्यांना वाटलं, हिने कच्चे टाके जरा जास्तच घातलेत, नंतर काढेल. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. त्या मला काही शिकवायला जात नसत, कारण मी शिकलेली. मी त्यांना काही विचारायला जात नसे, कारण त्या सासू. असं आमचं वर्षानुवर्षं नीट चाललेलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी म्हटलं, झालंच आहे जवळजवळ, एकदा पसरून बघू. सगळे गच्चीवर गेलो. खालच्या आजीही आल्या. तुमच्या आजोबांनी दोन टोकं धरली, आम्ही दोन, आणि गोधडी खाली अंथरली.

मधे माझं लाल चौकोनाभोवतीचं घर सपाट. कडेला सासूबाईंची चौकट सपाट. आणि दोन्हींच्या मधे चारी बाजूंनी कापड फुगून उभं, पुरी तळणीत टम्म फुगते तसं. मी हाताने दाबलं तर फुगा पलीकडे गेला. तुमच्या आईने पलीकडून दाबलं तर माझ्याकडे परत आला. बाहेरून त्यांनी आत ढकललेला आणि आतून मी बाहेर ढकललेला सगळा सैलपणा तिथे अडकला होता. जायला वाटच नव्हती.

मग खालच्या आजी म्हणाल्या, "सासू-सुनंची गोधडी हाय ती. मधी फुगनारच."

तुमचे आजोबा तोंड फिरवून मिठागरांकडे बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"तू मधून घातलेस?" सासूबाईंनी मला विचारलं.

"मासिकात तसं आहे, आई. तुम्ही कडेकडून?"

"मधून कोण सुरू करतं? केर काय मधून काढतात?"

"मधून काढून दाराकडे नेतात की."

"कोपऱ्यातनं काढून दाराकडे नेतात."

"आजी, तुझं दार मधे आहे आणि आईचं दार कडेला," तुमची आई म्हणाली, "म्हणून केर अडकला." तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं.

दोघींपैकी एकीचं उसवायला हवं होतं. मी हिशोब केला. माझ्या मधल्या फेऱ्या लहान. दोन संध्याकाळींत उसवून झालं असतं. मग त्यांनी कडेकडून आत येत पंधरवड्यात गोधडी पुरी केली असती. सासूबाईंच्या कडेच्या फेऱ्या लांबच लांब, त्यांत त्यांच्या कितीतरी दुपारी गेलेल्या. त्या उसवायला सांगणं शक्यच नव्हतं. पंधरवड्यात गोधडी पुरी, म्हणजे पंधरवड्यात त्या जाणार. पण काम म्हणजे काम. मी डब्यातून लहान कात्री काढली आणि लाल चौकोनाजवळ माझ्या पहिल्या टाक्यात तिचं टोक घातलं.

"थांब." त्यांनी कापडावर हात ठेवला. "चुलीजवळचं नको उसवू. चांगलं बसलंय ते. माझं उसव."

"आई, तुमचं फार झालंय. पुन्हा घालायला किती दिवस जातील."

"जाऊ देत." त्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि गोधडीच्या कडेला जाऊन बसल्या. "मला कुठं जायची घाई हाय?"

तुमच्या आजोबांचे खांदे हलायचे थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग "चहा टाकतो" म्हणून जिना उतरून गेले. ते कधी चहा टाकत नसत. खालच्या आजी आधीच दुसऱ्या कडेला बसल्या होत्या आणि नखाने टाका उचलून बघत होत्या. "मजबूत घातलाय गो बाय," त्या म्हणाल्या. "आता तोडायला यील कोन?" सासूबाई म्हणाल्या, "तूच. रोज काय फुकट बसायला येतेस?"

त्या घाईच्या वाक्यावर मी काही बोलले असते तर त्यांनी ते परत घेतलं असतं. मी कडेला बसून सुटलेले दोरे गोळा करू लागले.

उसवायलाच त्या दोघींनी पुष्कळ दिवस घेतले. बोलत बोलत उसवायच्या, मधेच थांबायच्या. मग सासूबाईंनी आतून बाहेर, माझ्या फेऱ्यांना लागून टाके घालायला सुरुवात केली. त्यांना ती रीत आवडली नाही आणि त्यांनी तसं सांगितलंही. "उलट्या पायांनी चालल्यासारखं वाटतं." पण घालत राहिल्या. संध्याकाळी मी पुढची फेरी घेई. आता आम्ही एकमेकींना विचारत होतो. इथे टाका मोठा झाला का? हा काठ आत घेऊ की नको? त्यांना माझे टाके फार बारीक वाटायचे. "मुंग्यांसाठी शिवतेस काय?"

गोधडी पुरी झाली तेव्हा उन्हाळा लागला होता. घामाने जीव नकोसा झालेला, आणि घरात ही एवढी जड गोधडी. शेवटची गाठ सासूबाईंनी मारली आणि दोरा दाताने तोडला. तुमचे आजोबा दारात उभे होते. सकाळचा प्रश्न येणं कधीच बंद झालं होतं, पण कबूल केलेलं कबूल केलेलं असतं. ठरलं होतं ते आम्हां तिघांनाही आठवत होतं: गोधडी झाली की जायचं.

सासूबाईंनी गोधडीची घडी घातली. गाठोडं त्याच कोपऱ्यात होतं, पण आता त्यात काही उरलं नव्हतं, नुसतं फडकं; नेसायची दोन लुगडी दोरीवर वाळत होती. घडी त्यांनी कपाटाच्या त्या रिकाम्या खणात ठेवली आणि ती नीट बसेना म्हणून दोन्ही हातांनी दाबली.

"सुट्टीत सगळी जाऊ गावाला," त्या मुलाला म्हणाल्या. "घर झाडून, शेजारणीकडे किल्ली देऊन परत येऊ. माझी फुंकणी तिथं राहिलीय, ती पण आणायची हाय."

"फुंकणी कशाला, आई? इथे गॅस आहे."

"असू दे. चूल तर केलीय ना हिने." मग माझ्याकडे वळल्या. "आता नातीची करायला घेऊ. ते पुस्तक काढ." मासिकांना त्या पुस्तकच म्हणत. मी खाली वाकून ट्रंक ओढली, तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि ह्या खेपेला आधी ठरव गो, कुठून सुरू करायचं."